घराचं भागभांडवल

एमबीए चालू असतानाच कंपनी काढावी का, असं विचारणाऱ्याला आपल्याकडे दोन तयार उत्तरं मिळतात. कॉलेजात आलेला पाहुणा वक्ता म्हणतो, 'उडी मार.' घरी आई-बाबा म्हणतात, 'आधी डिग्री हातात येऊ दे.' विचारणारा पंचविशीतला, अविवाहित, वसतिगृहात राहणारा असेल तर या दोहोंतलं एक निवडून तो मोकळा होतो. पण नोकरी आटोपून संध्याकाळच्या वर्गाला बसणारे, वडिलांचा कारखाना सांभाळून शिकणारे, घरी लहान मूल आणि डोक्यावर गृहकर्जाचा हप्ता असलेले विद्यार्थीही व्यवस्थापन शिक्षणात कमी नाहीत. त्यांच्यापुढे अभ्यास, धंदा आणि घर एकाच वेळी उभं असतं. त्यांना जे सल्ले मिळतात ते बहुतेक वेळेच्या नियोजनाचे: पहाटे उठा, मोबाइल दूर ठेवा, रविवार कुटुंबासाठी राखा. हे सगळे सल्ले एक गोष्ट गृहीत धरतात, की वेळ त्या एकट्याच्या मालकीचा आहे. इथेच सगळी गफलत आहे.

या प्रश्नावर झालेला अभ्यास, कायदे, सरकारी योजना आणि लोकांना ठाऊक असलेली उदाहरणं शेजारी ठेवून पाहिली तर अभ्यास आणि धंदा यांचं आपसात बरं जमतं, असं दिसतं. ते जमवण्याचा खर्च घर उचलतं. आणि तो खर्च कंपनीच्या ताळेबंदात येत नाही, संस्थेच्या शुल्कपत्रकातही येत नाही.

आधी सोपी जोडी घेऊ. फिल नाइट यांनी स्टॅनफर्डमध्ये एमबीए करताना जपानी बनावटीचे धावण्याचे बूट अमेरिकेत विकता येतील, अशा कल्पनेवर एक निबंध लिहिला. पदवी १९६२ ची. १९६४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून कंपनी काढली. तीच पुढे नाइकी झाली. पण नाइट यांनी पूर्ण वेळ कंपनीला दिला तो १९६९ पासून. मधली पाच वर्षं ते हिशेबनीसाची नोकरी करत होते, नंतर पोर्टलंडमध्ये अकाउंटन्सी शिकवत होते, आणि उरलेल्या वेळात गाडीच्या डिकीतून बूट विकत होते. हा प्रकार आपल्याला नवा नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर भावाबरोबर बेळगावात सायकलींचा धंदा चालवत होते, तेव्हा स्टार्टअप हा शब्दही कुणी ऐकला नव्हता.

अशी दोन होड्यांवर पाय ठेवणारी माणसं अर्धवट ठरतात, हा समज मात्र चिवट आहे. व्हार्टनचे प्राध्यापक अ‍ॅडम ग्रँट यांनी आपल्याच चार विद्यार्थ्यांच्या चष्म्याच्या कंपनीत पैसे घालायला नकार दिला, कारण ती मुलं नोकरीची सोयही करून ठेवत होती. वॉर्बी पार्कर नावाची ती कंपनी फेब्रुवारी २०१० मध्ये, मुलं शिकत असतानाच सुरू झाली आणि तुफान चालली. ग्रँट यांनी पुढे 'ओरिजिनल्स' या पुस्तकात आपली ही चूक सविस्तर मांडली. तिथे त्यांनी जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांच्या २०१४ च्या संशोधनाचा आधार घेतला आहे. नोकरी न सोडता धंदा सुरू करून मग पूर्ण वेळ उतरणाऱ्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता, थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होती. आकडा अमेरिकेचा आहे. आपल्याकडे तो तसाच लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण 'उडी मार' म्हणणाऱ्या वक्त्याला निदान एवढं विचारायला हरकत नाही, की तुमच्याकडे याच्या उलट काही पुरावा आहे का.

वर्गात शिकल्याने धंदा सुधारतो का, याची उत्तरं संमिश्र आहेत. टोगोची राजधानी लोमे इथे दीड हजार छोट्या धंदेवाल्यांवर झालेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पारंपरिक व्यवसाय प्रशिक्षणाने नफा वाढला तो ११ टक्के, आणि तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम नव्हता. पुढाकार घेणं, अडचणीला वाट काढणं, यांचं प्रशिक्षण दिलेल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. इटलीत ११६ नवउद्योगांवर झालेल्या प्रयोगात, आपली कल्पना हे फक्त गृहीतक आहे असं मानून ती आधी तपासायला शिकवलेल्या संस्थापकांची कामगिरी इतरांपेक्षा चांगली झाली, आणि त्यांनी मूळ कल्पना जास्त वेळा बदलली. म्हणजे वर्ग उपयोगी आहे, पण तिथे काय शिकवतात त्यावर सगळं अवलंबून. हार्वर्डमधला निष्कर्ष मला सगळ्यांत आवडतो. तिथे विद्यार्थ्यांच्या तुकड्या नशिबाने पडतात. आधी स्वतःचा धंदा केलेले वर्गमित्र ज्या तुकडीत जास्त, त्या तुकडीतून नंतर उद्योजक कमी निघाले! जॉश लर्नर आणि उल्रिके माल्मेंडिअर यांनी खोलात जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, की गळाले ते बुडणारे धंदे. यशस्वी धंद्यांची संख्या घटली नाही. हात पोळलेला मित्र शेजारच्या बाकावर असेल तर तो वेळीच सांगतो, 'हे चालायचं नाही.' फीचे पैसे तिथेच वसूल होतात, असं माझं मत.

वयाची घाईही अनाठायी आहे. अमेरिकेत कंपनी काढणाऱ्याचं सरासरी वय ४२ आणि सर्वांत वेगाने वाढलेल्या हजारांतल्या एका कंपनीच्या संस्थापकाचं ४५, हे पियर अझुले आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सरकारी नोंदींवरून दाखवलं आहे. फाल्गुनी नायर अहमदाबादच्या आयआयएममधून १९८५ मध्ये बाहेर पडल्या आणि 'नायका' त्यांनी काढली २०१२ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जुळी मुलं मोठी झाल्यावर. त्यांची मुलगी अद्वैता हिने उलटा क्रम लावला: आधी आईच्या कंपनीत काम, मग हार्वर्डला एमबीए. क्रम कुठलाही चालतो. मात्र तो आपण ठरवलेला असावा. वर्गमित्राने कंपनी काढली म्हणून लागलेला नसावा.

आता कागदांकडे वळू. हा भाग रूक्ष आहे, पण घरावर येणाऱ्या संकटांपैकी निम्मी इथून सुरू होतात.

पहिल्या सत्रात पिच स्पर्धा जिंकलेली तीन मुलं उत्साहाच्या भरात प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवतात. एक भागीदार समर इंटर्नशिपला गेला की परत येत नाही, दुसऱ्याचं लग्न ठरतं. उलाढाल शून्य. पण कंपनी कायद्याला शून्याशी देणंघेणं नाही. वार्षिक विवरणपत्रं भरावीच लागतात, आणि उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये शुल्क चढत राहतं. सलग तीन वर्षं काहीच भरलं नाही तर संचालक ५ वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ मध्ये केंद्र सरकारने एका झटक्यात तीन लाखांहून अधिक संचालकांना असं अपात्र ठरवलं होतं. संचालक दोन तरी लागतात, म्हणून बऱ्याच घरांत दुसऱ्या संचालकाच्या जागी बायकोचं किंवा आईचं नाव असतं. सही करताना तिला हे कुणी सांगितलेलं असतं?

दुसऱ्या बाजूने सरकार नोंदणीकडेच ढकलतं. स्टार्टअप इंडियाची मान्यता हवी तर एकल मालकी चालत नाही. कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी हवी. २०२१ मध्ये आलेल्या बीज निधी योजनेत नमुना उत्पादनासाठी २० लाखांपर्यंत अनुदान होतं, पण अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको, ही अट होती. एमबीएही दोन वर्षांचंच. ज्याने प्रवेश घेताच नोंदणी केली, त्याची ही मुदत परीक्षा आणि सबमिशनमध्येच संपली. म्हणून ग्राहक मिळेपर्यंत एकल मालकीवर काम करावं आणि नोंदणी शेवटच्या सत्रात करावी, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. बाहेरून पैसे येणार असतील किंवा भागीदारांत हक्काचा वाद संभवत असेल, तर गोष्ट वेगळी.

शैक्षणिक कर्जाचं तसंच. नावाजलेल्या संस्थांची फी आता वीस लाखांच्या पुढे आहे. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला तारण लागतं. आयआयएमसारख्या संस्थांसाठी बँका तारणाशिवाय कर्ज देतात. बाकीच्यांच्या बाबतीत बाबांचा फ्लॅट किंवा गावची जमीन बँकेत अडकते. हप्ता सुरू होतो अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने, म्हणजे नव्या धंद्याच्या सगळ्यांत कोरड्या काळात. याच आदर्श योजनेत, पदवीनंतर स्टार्टअप काढणाऱ्याला उभारणीच्या काळापुरती हप्त्यांत सवलत देण्याची तरतूद आहे. बँकेच्या शाखेत ती आपण होऊन कुणी सांगत नाही. मागावी लागते, आणि लेखी मागावी लागते.

संस्थांच्या नियमांतही अशा न वापरलेल्या खिडक्या आहेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचं विद्यार्थी आणि अध्यापकांसाठीचं नवोन्मेष व स्टार्टअप धोरण २०१९ मध्ये आलं. विद्यार्थी उद्योजकाला सत्राची किंवा वर्षाची सुट्टी घेऊ द्यावी, परवानगीने हजेरी कमी असली तरी परीक्षेला बसू द्यावं, कंपनीच्या नोंदणीसाठी संस्थेचा पत्ता वापरू द्यावा, असं त्यात म्हटलं आहे. धोरण मार्गदर्शक आहे, सक्तीचं नाही. पण 'नियमात बसत नाही' म्हणणाऱ्या कार्यालयापुढे ठेवायला चांगला कागद आहे. शिवाय कित्येक आयआयएममध्ये प्लेसमेंट नाकारून धंदा करणाऱ्याला ठरावीक काळात परत येऊन प्लेसमेंटला बसता येतं. 'आधी नोकरी' म्हणणाऱ्या आई-बाबांना प्रवेशाच्या दिवशीच हे सांगितलं, तर अर्धं भांडण तिथेच मिटेल.

आणि आता घर.

संजीव बिखचंदानी यांची गोष्ट उद्योजकतेच्या वर्गात हमखास सांगतात. अहमदाबादच्या आयआयएममधून १९८९ साली पदवी, वर्ष-दीड वर्षात चांगली नोकरी सोडली, वडिलांच्या घरी गॅरेजवरच्या नोकरांच्या खोलीत कंपनी थाटली, १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू झालं, २००६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. जिद्दीची कहाणी म्हणून ती सांगतात, आणि ती तशी आहेच. पण त्या खोलीच्या आगेमागच्या ओळी वाचा. त्यांची पत्नी सुरभी त्यांच्याच वर्गातली, आणि ती नेस्लेमध्ये नोकरी करत होती. घरात नियमित पगार येत होता तो तिचा. राहायला जागा होती ती आई-वडिलांची. ते स्वतः शनिवार-रविवारी व्यवस्थापन संस्थांत शिकवत होते आणि पुढे एका दैनिकाच्या करिअर पुरवणीचं कामही बघत होते. बिखचंदानी हे कधी लपवत नाहीत, उलट मोकळेपणाने सांगतात. लपवतो आपण, गोष्ट पुढे सांगताना. त्या कंपनीचा पहिला गुंतवणूकदार घरातच होता आणि त्याच्या नावावर एकही शेअर लिहिला जात नाही, हा धडा वर्गात कुणी शिकवत नाही. इन्फोसिस सुरू करायला सुधा मूर्तींनी दिलेल्या १०,००० रुपयांची आठवण सगळ्यांना आहे, कारण ती रक्कम आकड्यात सांगता येते. त्यांच्याच पगारावर चाललेल्या घराचा आकडा कुणी मांडलेला नाही.

पगार मोजता तरी येतो, वेळेचं काय? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देताना दिसतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांचं काम १० मिनिटांनी घटलं, आणि पुरुषांचंही ९ मिनिटांनी! वाटणी जिथल्या तिथे. २८९ मिनिटं म्हणजे दीड-दीड तासाची तीन लेक्चर्स आणि वर थोडं. एमबीए करणारा, कंपनी काढणारा पुरुष 'मी सगळं जमवतो' म्हणतो तेव्हा ही लेक्चर्स दुसऱ्या कुणी तरी भरलेली असतात. एमबीए करणारी, कंपनी काढणारी बाई ती स्वतः भरते, किंवा तिची आई भरते, किंवा सासूबाई भरतात. आजीच्या जिवावर चाललेले स्टार्टअप महाराष्ट्रात किती असतील याची मोजदाद व्हायला हवी.

हे फक्त आपल्याकडचं नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २५ हजार माजी विद्यार्थ्यांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. मधल्या आणि जुन्या पिढीतल्या निम्म्याहून अधिक पुरुषांची पदवीच्या वेळी अपेक्षा होती, की घरात आपल्या करिअरला अग्रक्रम मिळेल. प्रत्यक्षात तो सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांना मिळाला. त्यांच्या वर्गातल्या बायकांनी बरोबरीची अपेक्षा धरली होती, आणि पुष्कळजणींना ती सोडावी लागली. गुंतवणूकदारांची वागणूक तिथून पुढे सुरू होते. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या स्टार्टअप स्पर्धेतली प्रश्नोत्तरं संशोधकांनी तपासली, तेव्हा पुरुष संस्थापकांना विचारलेले बहुतेक प्रश्न धंदा वाढणार कसा या धाटणीचे होते, आणि बायकांना विचारलेले बहुतेक प्रश्न धंदा टिकणार कसा या धाटणीचे. आपल्याकडे त्यात 'घरचे काय म्हणतात?' हा एक प्रश्न फुकट मिळतो.

बाळंतपणाचा मुद्दा तर कुठल्याच कप्प्यात बसत नाही. नोकरदार स्त्रीला मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पीएचडी करणाऱ्या विद्यार्थिनीला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी २४० दिवसांपर्यंत रजा मिळाली. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही नियम करा, असं आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवलं. स्वायत्त संस्था आपापलं ठरवतात. एमबीए करणारी संस्थापक मात्र अर्धी विद्यार्थिनी आणि अर्धी मालकीण. तिला रजा देणारं कुणी नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने महिला स्टार्टअप योजना आणली. कंपनीत ५१ टक्के वाटा स्त्रीचा असेल तर एक ते २५ लाखांपर्यंत मदत मिळते. योजना चांगली आहे. पण मुलाला घेऊन बसायला दुपारचे तीन तास कुणी हवं असतं, ते २५ लाखांतूनही येत नाही.

काही संस्थांनी अभ्यासक्रमाची रचनाच बदलली आणि त्याचा फायदा दिसतो. अंधेरीच्या एस. पी. जैन संस्थेचा घरच्या धंद्यांसाठीचा अभ्यासक्रम महिन्यातला साधारण आठवडाभर वर्गात आणि बाकीचे आठवडे स्वतःच्या दुकानात किंवा कारखान्यात, असा चालतो. शिकलेलं लगेच वापरून बघायचं, पुढच्या महिन्यात येऊन सांगायचं. चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेत नोकरदारांसाठी संध्याकाळचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम पिढ्यानपिढ्या चालत आले. लोकलमध्ये उभ्याने केस स्टडी वाचणारी माणसं तिथे घडली. बंगळूरच्या आयआयएमने सप्ताहअखेरीचा वर्ग चालवला आणि तिथल्या एनएसआरसीईएल या केंद्राने स्त्री उद्योजकांसाठी वेगळे कार्यक्रम केले. पूर्णवेळ निवासी एमबीए हे मूल-बाळ नसलेल्या, पंचविशीतल्या माणसासाठी आखलेलं आहे. मूल आणि धंदा दोन्ही असलेल्या माणसाने त्यात स्वतःला कोंबण्यात काही मर्दुमकी नाही. त्याने लांबीला जास्त आणि आठवड्याला कमी असा अभ्यासक्रम घ्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे, मग त्या पदवीचं नाव थोडं कमी वजनदार का असेना. अपवाद एकच: वर्गमित्रांचं जाळं हेच ज्याच्या धंद्याचं भांडवल असणार आहे, त्याला निवासी वर्ष परवडेल. तेही घरच्यांनी मान्य केलं असेल तरच.

मान्य करणं म्हणजे काय, हे नीट ठरवायला हवं. घरात पाठिंबा असतो तो बहुधा 'कर बाबा, आम्ही आहोत' एवढ्यावर. सहा महिन्यांनी त्याच वाक्याचे दोघांनी लावलेले दोन अर्थ समोर येतात. कंपनीत भागीदारांचा करार करतात तसाच घराशी करावा, आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात. घरचा किती पैसा यात जाणार आणि कुठल्या आकड्याला थांबायचं. हे किती काळ चालणार. आणि त्या काळात कुणी कुठलं काम सोडून दिलंय, ज्याची परतफेड नंतर करायची आहे. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड, कारण तिथे बायको, आई, बाबा यांच्या पुढे ढकललेल्या गोष्टी कागदावर लिहाव्या लागतात. नवऱ्याच्या एमबीएसाठी स्वतःचं एमबीए पुढे ढकललेली बाई आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत आहे. तिची पाळी कधी, हे त्या कागदावर तारखेसकट असलं पाहिजे. कोरडं वाटेल, पण प्रेमाने केलेली उधारी फेडायचं राहून जातं ते ती कुठे लिहिलेली नसल्यामुळेच.

संस्थांकडे मागणं एकच आहे, आणि ते खर्चिक नाही. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, असं कायदा सांगतो. ज्या व्यवस्थापन संस्थांत कर्मचाऱ्यांसाठी असं पाळणाघर आहे, त्यांनी ते विद्यार्थ्यांच्या मुलांसाठीही खुलं करावं, आणि संध्याकाळच्या व शनिवार-रविवारच्या वर्गांच्या वेळी चालू ठेवावं. इनक्युबेटरला नवं फर्निचर घेण्याआधी हे करावं. प्रवेश घेणाऱ्यांनीही चौकशीच्या वेळी प्लेसमेंटच्या आकड्यांबरोबर हा प्रश्न विचारायला सुरुवात करावी, आणि पुरुषांनी तो आधी विचारावा.